थंडीत घरची झाडं कशी जपावीत? (अंगण, गच्ची, कुंडी)

परसदार

नाशिक-निफाड पट्ट्यात गारठा वाढला की दरवर्षी तेच प्रश्न येतात: पानं पिवळी पडली, शेंडा करपला, झाड गेलं का? एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. अंगणातलं लिंबू, पपई, केळ, शेवगा, आंब्याचं कोवळं कलम आणि कुंडीतला कढीपत्ता, जास्वंद, अडेनियम एवढ्यापुरतं हे आहे. गुलाब-शेवंतीला थंडी मानवते, त्यांची काळजी इथे नको.

आधी पारा. बातम्यांतलं तापमान जमिनीपासून साधारण चार फुटांवर, झडपा असलेल्या पांढऱ्या पेटीत ठेवलेल्या तापमापकाचं असतं. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतची हवा त्याहून तीन-चार अंशांनी गार असू शकते. निफाडला ४ अंश छापून आलं, तर गवतावर पारा शून्याला टेकलेला असू शकतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या बाजूला स्ट्रॉबेरीच्या पानांवर दवबिंदू गोठतात, आणि त्याच पहाटे वरच्या गावात पारा शून्याच्या बराच वर असतो, तेही ह्यामुळेच. गार हवा जड, ती उतारावरून पाण्यासारखी खाली येते आणि खोलगट जागी साचते. अंगणाचा जो कोपरा सखल आणि भिंतीने अडलेला, तिथलं झाड आधी करपतं.

म्हणून झाकायचं ते रोज नाही. आभाळ स्वच्छ, वारा बंद आणि अंदाज ७-८ अंशांखालचा, ह्या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच. ढगाळ रात्री ढगच पांघरूण असतात.

झाकायची रीत:

रोपाभोवती बांबूच्या किंवा तुराट्यांच्या चार काठ्या रोवा, शेंड्यापेक्षा वीतभर उंच. त्यावर जुनी सुती चादर, गोणपाट किंवा क्रॉप कव्हर (पपईच्या रोपांवर घालतात ते पांढरं पातळ कापड, १७ ते २० जीएसएम) टाका. कापड जमिनीपर्यंत आलं पाहिजे आणि कडांवर विटा ठेवल्या पाहिजेत. रात्री झाडाला ऊब जमिनीतून मिळते. कापड खोडाशी गुंडाळून वर गाठ मारली, तर ती ऊब बाहेरच राहते आणि सगळी मेहनत वाया. नेमकं हेच बहुतेक जण करतात.

प्लॅस्टिक शक्यतो नको. पानाला चिकटलं की तिथेच पान करपतं, आणि सकाळी उशिरापर्यंत राहिलं तर आत वाफ धरते.

सूर्य मावळायच्या आधी झाका, जमिनीत दिवसाची ऊब असते तोवर. सकाळी आठ-साडेआठला काढा.

---

खुरपं

चांगला धागा. पण पांघरुणापेक्षा पाण्यावर जास्त लिहायला हवं होतं. महाराष्ट्रात थंडीने मेलेली झाडं थोडी, थंडीत पाणी पाजून मारलेली फार.

काय होतं ते सांगतो. माती गार झाली की मुळं पाणी कमी ओढतात. दिवस लहान, ऊन तिरपं, त्यामुळे पानांतून पाणी उडतंही कमी. पण आपला हात उन्हाळ्याचाच. मातीतल्या हवेच्या जागी पाणी बसतं, मुळं गुदमरतात, मग फायटोप्थोरासारखी बुरशी शिरते. मूळ कुजलं की झाड वरून सुकल्यासारखं दिसतं. माणूस म्हणतो, "अरे, तहानलंय", आणि आणखी एक तांब्या ओततो.

पान मलूल आणि माती ओली, हे दोन्ही एकत्र दिसलं की पाणी तोडा.

बारा इंची कुंडीचा ढोबळ हिशेब: मे महिन्यात रोज दीड-दोन लिटर लागत असेल, तर डिसेंबरात तीन-चार दिवसांनी एक लिटर. पण वार लावून पाणी घालू नका. बोट दोन पेरं मातीत खुपसा; गार आणि चिकट लागलं तर आज नाही. कोकोपीटवर ह्यातही फसायला होतं, वरचा थर भुरभुरीत कोरडा आणि खाली चिखल. तिथे कुंडी एका कडेने उचलून वजनाचा अंदाज घ्या. प्लॅस्टिकच्या कुंडीला मातीच्या कुंडीपेक्षा कमी पाणी लागतं, कारण तिच्या भिंतीतून काहीच झिरपत नाही.

वेळ सकाळी नऊ ते अकरा. गच्चीवरच्या टाकीतलं पहाटेचं बर्फगार पाणी थेट कुंडीत नको. बादलीत काढून तासभर उन्हात ठेवा. संध्याकाळी पानांवर फवारा तर अजिबात नको, बुरशीला आमंत्रण.

अंगणातल्या मोठ्या झाडाला आळ्यात पाणी द्या आणि वाफसा (माती ओलसर, पण चिखल नाही) आल्याशिवाय पुन्हा देऊ नका. काळ्या जमिनीत हे अंतर १२-१५ दिवसांचंही होतं.

---

गच्चीवरची_जास्वंद

ठाण्यात सातव्या मजल्यावर उत्तरेची बाल्कनी. जास्वंद आणि कढीपत्ता. १६-१७ अंशांखाली इथे जात नाही, तरी जास्वंदीच्या कळ्या गळतात आणि कढीपत्त्याला नवीन फूट नाही. झाकू का?

---

परसदार

@गच्चीवरची_जास्वंद, झाकायची काहीच गरज नाही. तुमची अडचण थंडीची नाही, उन्हाची आहे. डिसेंबरात भर दुपारी सूर्य आपल्याकडे क्षितिजापासून साधारण ४७-४८ अंशांवरच असतो, आणि तोही दक्षिणेला. दक्षिणेच्या बाल्कनीत मे महिन्यात ऊन जेमतेम कठड्याला लागतं, डिसेंबरात ते दार ओलांडून हॉलच्या फरशीवर येतं. उत्तरेकडे ह्या दिवसांत थेट ऊन नाहीच. दोन्ही कुंड्या फेब्रुवारीअखेरपर्यंत दक्षिणेच्या किंवा पूर्वेच्या खिडकीत हलवा. तशी सोय नसेल तर पाणी निम्म्यावर आणा, खत बंद करा आणि फुलांची अपेक्षा सोडा.

कळ्या गळतात त्यातली एखादी उकलून पाहा. आत बारीक, लांबट, हलणारे फुलकिडे दिसले तर निंबोळी तेल ५ मिली आणि भांड्यांचा पातळ साबण १ मिली, एक लिटर कोमट पाण्यात. साबण आधी तेलात घोटून मग पाणी घाला, नाहीतर तेल वर तरंगतं आणि पंपातून शेवटी नुसतं तेलच पडतं. आठवड्याच्या अंतराने तीनदा.

---

चिंचेचा_पार

पालापाचोळ्याचं आच्छादन कोणीच कसं लिहिलं नाही? बुंध्याभोवती तीन-चार इंच सुका पाला किंवा उसाचं पाचट पसरा, मुळं उबदार राहतात. सोपं आणि फुकट. पाला जाळण्यापेक्षा हे कधीही बरं.

---

परसदार

मुद्दाम टाळलं. आच्छादन मुळांना ऊब देतं हे खरं, पण ती ऊब मातीत कोंडूनच. रात्री मातीतून वर येणारी उष्णता पाचटाने अडते आणि वरची पानं जास्त गारठतात. ज्या रात्री दहिवर (गोठलेलं दव) पडायची भीती असते, त्या रात्री उघडी, ओली, दाबलेली माती जास्त ऊब देते. द्राक्षवाले थंडीच्या लाटेत पहाटे ठिबक सुरू करतात ते ह्याच हिशेबाने: ओली माती दिवसा उष्णता जास्त साठवते, आणि विहिरीचं किंवा बोअरचं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा कोमट असतं.

---

चिंचेचा_पार

मान्य, पण ही निफाडची गोष्ट झाली. पुणे, संभाजीनगर, नगरला वर्षातून दोन-तीन रात्री सोडल्या तर दहिवराचा प्रश्नच नाही. तिथे ओल टिकणं आणि मुळं उबदार राहणं ह्याचाच फायदा मोठा.

---

खुरपं

दोघंही बरोबर. मोठं झाड, पानं डोक्याच्या वर: आच्छादन ठेवा. गुडघ्याएवढं रोप आणि लाटेचा अंदाज: पाचट दुपारीच बाजूला ओढा, मातीला ऊन लागू द्या, हलकं पाणी द्या आणि संध्याकाळी कापड टाका. लाट ओसरली की पाचट परत. काहीही असो, आच्छादन बुंध्यापासून चार बोटं लांब. सालीला चिकटलेल्या ओल्या पाल्याखाली साल कुजते आणि वाळवी लागते.

---

माळव्यातून

इंदूर, देवास, ग्वाल्हेरकडच्यांसाठी लिहितो. आमच्याकडे दहिवर पडण्याला पाला पडणं म्हणतात (वरच्या पालापाचोळ्याशी गल्लत नको). सगळ्यात नाजूक पपई, मग केळ, शेवगा आणि आंब्याची दोन वर्षांच्या आतली कलमं.

आंब्याच्या कलमाला तीन बाजूंनी कडब्याची किंवा गवताची झोपडी करतात आणि आग्नेयेची बाजू उघडी ठेवतात. सकाळचं ऊन आत येतं, उत्तरेचा वारा अडतो. ही झोपडी डिसेंबर ते फेब्रुवारी तशीच राहू शकते, रोज काढ-घाल नाही. चादरीवाल्यांना हे जास्त सोयीचं.

पपई उंच असेल तर झोपडी जमत नाही. निदान शेंड्यावर गवताची टोपी आणि फळांच्या घोसाभोवती गोणपाट. शेंडा वाचला तर झाड वाचलं. पपई बाजूने सहसा नीट फुटत नाही.

झोपडीत ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावला तर चांगली ऊब मिळते. एलईडी लावून उपयोग नाही, ते फारसे तापत नाहीत. बल्ब गवतापासून हातभर लांब टांगा आणि वायरीचा जोड उघड्या दवात नको.

आणि पाला पडून गेल्यावर महत्त्वाचं: करपलेली पानं, काळे पडलेले शेंडे लगेच छाटू नका. दिसायला वाईट दिसतात, पण पुढच्या गार रात्रीला खालच्या डोळ्यांवर तेच पांघरूण असतं. शिवाय छाटलं की झाड फुटतं, आणि ती कोवळी फूट पुढच्या लाटेत जाते. फेब्रुवारीअखेर नवे कोंब कुठपर्यंत जिवंत आहेत ते कळतं, तिथे छाटा. तोवर युरिया किंवा कोणतंही नत्राचं खत नाही, कारण तेच: कोवळी फूट.

---

शेणखत

सीताफळ पार उघडं पडलंय. चाफापण. मेलं का?

---

खुरपं

नाही. पानगळ आहे. सीताफळ, चाफा, अंजीर, शेवगा थोडाफार, हे सगळे ह्या दिवसांत पानं टाकतात. शंका असेल तर पेन्सिलएवढ्या फांदीवर नखाने साल खरवडा: खाली हिरवं आणि ओलसर म्हणजे जिवंत, तपकिरी आणि कोरडं म्हणजे ती फांदी गेली. मग खाली खाली खरवडत जा. बुंध्यापर्यंत हिरवं कुठेच नसेल तरच झाड गेलं.

उघड्या चाफ्याला आणि अडेनियमला पाणी जवळपास बंद. पान नाही तर पाणी जाणार कुठे? अडेनियमचा गड्डा दाबून पाहा; टणक हवा. मऊ लागला तर कुंडीतून काढा, कुजका भाग पांढरं लागेपर्यंत कापा, कापल्या जागी हळद किंवा बुरशीनाशकाची पूड लावा, सावलीत आठवडाभर सुकवा आणि मग कोरड्या रेताड मिश्रणात लावा.

---

एडिसनकर

न्यू जर्सी आणि आसपासच्या मंडळींसाठी कढीपत्ता. इकडचा हिवाळा त्याला बाहेर झेपत नाही, आत आणावाच लागतो, आणि तो बहुधा आत आणल्यावरच मरतो.

कधी: रात्रीचा पारा ५० फॅरनहाइटच्या (१० सेल्सियस) खाली जायला लागला की. म्हणजे सप्टेंबरअखेर. दहिवराची वाट पाहू नका.

आणण्याआधी: दोन आठवडे आधीपासून तयारी. पानांच्या खालच्या बाजूला नळीने जोरात पाणी मारा, मग वर दिलेलं निंबोळी तेलाचं मिश्रण, सात दिवसांनी पुन्हा. देठांवर तपकिरी बारीक टिकल्या दिसल्या तर ती खवले कीड, नुसत्या तेलाने सहसा जात नाही. जुन्या टूथब्रशने खरवडून काढा. बाहेर किडीला खाणारे ढालकिडे असतात. घरात कोणी नसतं, म्हणून चार खवल्यांचे महिन्याभरात चारशे होतात. फांदीखालची फरशी चिकट लागली तर कीड आहे असं समजा.

जागा: दक्षिणेची खिडकी, पण हीटरच्या झरोक्यापासून लांब. गरम कोरड्या झोतात पानं दोन दिवसांत झडतात आणि लाल कोळी येतो. पान पांढऱ्या कागदावर झटका. ठिपके चालायला लागले तर कोळी. खिडकी नसेल तर वाढदिवा, शेंड्यापासून फूटभर वर, रोज १२ ते १४ तास, टायमर लावून.

पाणी: १०-१२ दिवसांनी, वरचे दोन इंच कोरडे झाल्यावर. बशीत साचलेलं पाणी ओतून द्या. कुंडीवर चिलटं उडत असतील तर तुम्ही जास्त पाणी घालताय.

जानेवारीत सगळी पानं गळली तरी टाकून देऊ नका. नखाची परीक्षा करा. हिरवं असेल तर तीन आठवड्यांनी थोडं पाणी एवढंच. मार्चमध्ये डोळे फुटले की खत. बाहेर मेच्या मध्यानंतर, तेही आधी आठ-दहा दिवस सावलीत, मग अर्धा दिवस ऊन. खिडकीतली पानं थेट उन्हात पांढरी पडून जळतात.

एक कायद्याचं: कढीपत्ता लिंबाच्या कुळातला आहे आणि सिट्रस ग्रीनिंग हा लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरवणारी सायला कीड त्यावर जगते. त्यामुळे फ्लोरिडा, टेक्सस, कॅलिफोर्नियातल्या क्वारंटाइन भागांतून रोप आणण्यावर निर्बंध आहेत. नातेवाइकाकडून बॅगेत रोप आणू नका. परवाना असलेल्या नर्सरीचं घ्या.

---

गच्चीवरची_जास्वंद

कढीपत्त्याला थंडीत ताक घालतात ते चालेल का? घरात आग्रह आहे.

---

एडिसनकर

गार मातीत ते जिरत नाही, वास येतो आणि चिलटं येतात. फूट सुरू झाल्यावर, फेब्रुवारीअखेर, वाटीभर आंबट ताक एक लिटर पाण्यात, महिन्यातून एकदा. तोवर कढी करा.

---

देवगडचं_कलम

दारातल्या हापूसबद्दल. नोव्हेंबर-डिसेंबरात "झाड कोरडं दिसतंय" म्हणून पाणी देऊ नका. मोहोराला कोरडी जमीन आणि गार रात्री दोन्ही लागतात. पाणी मिळालं की मोहोराऐवजी पालवी येते. पाणी द्यायचं तर फळं वाटाण्याएवढी झाल्यावर.

मोहोर आल्यावर थंडी लांबली की दुसराच त्रास: फळं धरलेल्या मोहोराच्या बाजूनेच पुन्हा मोहोर फुटतो आणि धरलेली कणी गळते. ह्याला पुनर्मोहोर म्हणतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस ५० पीपीएम जिबरेलिक ॲसिडची आहे, म्हणजे २० लिटर पाण्यात १ ग्रॅम, मोहोर पूर्ण उमलल्यावर. पूड थेट पाण्यात विरघळत नाही. आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवा.

भुरी (मोहोरावर पिठासारखी पांढरी पूड) दिसली तर पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम. गंधक आणि निंबोळी तेल ह्यांत निदान १५ दिवसांचं अंतर ठेवा, नाहीतर पानं भाजतात. फुलं उमललेली असताना सकाळी फवारू नका, माश्या येण्याची वेळ तीच. झाड तीस फुटी असेल तर घरगुती पंपाने काही साधत नाही, सोडून द्या.

---

शेणखत

खोडाला चुना-गेरू लावायचा तो थंडीसाठी का?

---

खुरपं

आपल्याकडे थंडीसाठी नाही. डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) आणि खोडकिडा ह्यांसाठी, आणि त्याला नुसत्या गेरूपेक्षा बोर्डोपेस्ट बरी. पावसाळ्याआधी एकदा, पाऊस उघडल्यावर साल सुकली की एकदा. नोव्हेंबर राहिला असेल तर आता लावा.

घरगुती माप: मोरचूद १०० ग्रॅम, कळीचा चुना १०० ग्रॅम, पाणी एक लिटर. मोरचूद अर्धा लिटर पाण्यात प्लॅस्टिकच्या बादलीत रात्रभर भिजवा, खडे सावकाश विरघळतात. चुना दुसऱ्या भांड्यात अर्ध्या लिटरमध्ये हळूहळू विझवा (उकळतो, तोंड लांब ठेवा), गार झाल्यावर फडक्यातून गाळा. दोन्ही एकदम तिसऱ्या बादलीत ओता आणि लाकडी काठीने ढवळा. लोखंडी भांडं कुठेही नको. निळसर दाट मिश्रण होतं. त्यात घासलेलं लोखंडी पातं मिनिटभर बुडवा: तांबूस थर आला तर मोरचूद मोकळं आहे, साल भाजेल; थोडी चुन्याची निवळी घाला आणि पुन्हा पाहा. जमिनीपासून अडीच-तीन फूट ब्रशने लावा, त्याच दिवशी. उरलेलं दुसऱ्या दिवशी चालत नाही.

डिंक आला असेल तर आधी धारदार चाकूने तेवढी साल खरवडून काढा, वरून पेस्ट लावून उपयोग नाही. आणि ऑइलपेंट कधीही नको.

---

लिंबोणी

लिंबू जमिनीत, सहा वर्षांचं. शेंड्याची पानं पिवळी, शिरा हिरव्या. खत देऊ?

---

परसदार

नको. शेंड्याची कोवळी पानं तशी असतील तर लोह किंवा जस्त कमी पडतंय, आणि थंडीत बहुधा ते मातीत असूनही मूळ उचलत नाही. आधी आळं पाहा, पाणी साचतंय का. साचत असेल तर आळ्याचा बांध एका बाजूने फोडा. घाई असेल तर चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्याची फवारणी पाकिटावरच्या प्रमाणाच्या निम्म्याने, सकाळी दहानंतर. नाहीतर फेब्रुवारीच्या उन्हाने नवी पानं आपोआप हिरवी येतात; जुनी पिवळी तशीच राहतील, त्यांच्याकडे पाहू नका.

सहा वर्षांचं आहे आणि जमिनीत आहे, तर आंबे बहार (जानेवारी-फेब्रुवारीत येणारी फुलं) धरता येईल. डिसेंबरात पाणी तोडा. हलक्या जमिनीत तीन-चार आठवडे, भारी जमिनीत पाच-सहा. पानं मलूल होऊन थोडी गळली की जानेवारीत आळं हलकं चाळा, दोन पाट्या कुजलेलं शेणखत, आणि पहिलं पाणी कमी, दुसरं बेताचं, तिसरं भरपूर. पहिल्याच पाण्याला आळं तुडुंब भरलं तर फुलांऐवजी पालवीच येते. कुंडीतल्या लिंबाला हा ताण देऊ नका, तिथे मुळांना खाली जायला जागा नसते.

---

लिंबोणी

आळ्यात पाणी साचतच होतं. बांध फोडला. पाणी आजपासून बंद.